तरुणांनी रविवारी टेकडी साफ करून भागणार नाही

मुठाकाठ:
रविवारी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर प्लॅस्टिक गोळा करणारी पोरं बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्यातलीच काही सोमवारी फ्लॅटवरचा ओला सुका सगळा कचरा एकाच काळ्या पिशवीत कोंबून दाराबाहेर ठेवतात त्याचं काय? आमच्या इथे येणाऱ्या कचरावेचक ताई रोज खाली फुटपाथवर बसून ती पिशवी हाताने सोडवतात, उरलेली बिर्याणी, त्यातच पॅड, त्यातच फुटलेला ग्लास, बोटं कापतात हो त्यांची. २०१६ च्या घनकचरा नियमांपासूनच आहे की कचरा घरात वेगळा करून द्यायचा आणि पॅड, डायपर नीट गुंडाळून. सावित्रीबाई १८४८ ला भिडेवाड्यात शिकवायला लागल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या, आणि ती शाळा रोज भरायची. ज्याचा फोटो काढता येत नाही असं रोजचं काम अंगावर घ्या.

शिफ्ट_हिंजवडी:
दर वेळी तरुणच का सापडतात? सकाळी निघायचं, ट्रॅफिकमध्ये सडायचं, रात्री आल्यावर जेवायचं त्राण नसतं. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, पुढे जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. इलेक्शन आम्ही अडवून ठेवलं होतं का? टॅक्स घेणाऱ्यांना आधी विचारा.

अभ्यासिका_पेठ:
+१. मी कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहतो, एमपीएससी करतो, खोलीत चौघं आणि कचऱ्याचा डबा एकच, मालक दुसरा ठेवू देत नाही. मतदार यादीत नाव गावाकडे. इथल्या प्रभागात मला कोण विचारतंय?

मुठाकाठ:
@अभ्यासिका_पेठ नाव इथे आणता येतं रे, विद्यार्थी जिथे शिकायला राहतो तिथे नोंदवू शकतो, आठ नंबरचा फॉर्म भर, ऑनलाइन आहे. शिवाय पुण्यात २००६ पासून नागरिकांना बजेटसाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात, त्याला मतदार यादी कोण बघतंय. तुझ्या वयाच्या किती जणांनी तो फॉर्म बघितलाय सांग.

सहकारनगर_काका:
माझं वय एकसष्ट, आणि मी पोरांच्या बाजूने बोलणार. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा चिखल उपसायला, म्हाताऱ्यांना जेवण पोचवायला तरुणच आले होते, कुणी बोलावलं नव्हतं. ओढ्याकाठी बांधकामं झाली, पात्र आवळत गेलं ते आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत, आम्ही चकार शब्द काढला नाही. आता त्याच पोरांना जबाबदारी शिकवायची? सोसायटीच्या मीटिंगला भाडेकरूंना आपण बसू तरी देतो का?

मुठाकाठ:
काका, मान्य, मीटिंगला बसू द्यायलाच हवं. पण तोपर्यंत ताईंनी काचा वेचत बसायचं? पॅड कागदात गुंडाळून, आत काय आहे ते ताईंना कळावं म्हणून त्यावर लाल ठिपका काढायला कमिटीची परवानगी लागत नाही.

शिफ्ट_हिंजवडी:
ठिपका काढू, काहीच हरकत नाही. पण ओल्या कचऱ्याचं काय ते पण बोला. गांडूळखत केलं की मिळकतकरात सवलत मिळते, आमची सोसायटी ती दरवर्षी घेते आणि खताच्या खड्ड्यात सध्या जुन्या टाइल्स भरल्यात. मी विचारलं तर चेअरमन म्हणाले तुमचं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, तुम्हाला काय करायचंय. आता यात जबाबदारी कुणी झटकली, मी का त्यांनी?