किनारी मार्गाने कॅम्परव्हॅन नेताना

मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत कॅम्परव्हॅन (आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी) नेण्याचा आपला बेत चांगलाच आहे; मात्र किलोमीटरच्या आधी खाड्यांचा हिशेब करावा. आगरदांडा–दिघी, वेशवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड येथे गाडी फेरीबोटीत चढवता येते व महामार्गाचा मोठा वळसा वाचतो. परंतु ओहोटीला धक्क्याचा उतार अधिक उघडा पडतो आणि लांब गाडीची मागची बाजू घासण्याची भीती असते, म्हणून शक्यतो भरतीच्या सुमारास धक्क्यावर पोहोचावे. गावांतील अरुंद रस्त्यांवर झावळ्या आणि विजेच्या तारा उंच टपाला लागतात, त्यामुळे गाडीची उंची चालकाला पाठ हवी. मुक्कामाला पुळणीवर गाडी मुळीच उतरवू नये (चाके रुतली की ट्रॅक्टर शोधत फिरावे लागते). एखाद्या घरगुती खानावळीच्या आवारात विचारून उभी करावी, म्हणजे पाण्याची आणि जेवणाचीही सोय होते.