मदत हवी आहे: ऋतूंच्या प्रयोगात किरण समांतर कसे मिळवायचे?

आठवी-नववीसाठी ऋतूंचं मॉडेल आहे. 30 सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल, अक्ष 23.5° कललेला, पुण्याच्या जागी (18.5° उत्तर) 2 सेंमीचा सोलर सेल चिकटवलेला. बल्ब गोलाच्या मध्याच्या उंचीवर, मध्यापासून 60 सेंमीवर. उजेड बदलला तरी सेलचं व्होल्टेज फारसं हलत नाही, म्हणून मल्टिमीटरने शॉर्ट सर्किट करंटच (सेलची दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा प्रवाह) मोजतो.

माध्यान्हीला सूर्य डोक्यापासून जूनमध्ये 5° आणि डिसेंबरमध्ये 42° ढळलेला, म्हणजे डिसेंबरचा आकडा जूनच्या साधारण 75 टक्के यायला हवा. येतो निम्माच. कारण उघड आहे: किरण फाकतात, आणि डिसेंबरच्या स्थितीत सेल बल्बपासून जवळपास 5 सेंमी लांब जातो. मग मुलं म्हणणारच, ‘लांब म्हणून थंडी’. जो गैरसमज घालवायचा, तोच पक्का!

बल्ब 3 मीटरवर नेला तर गुणोत्तर 70 टक्क्यांपर्यंत सुधारतं, पण करंट इतका पडतो की भिंतीवरून परतणारा उजेडच आकडा बिघडवतो. काळा कागद लावूनही पुरेसा फरक नाही. उन्हात करा म्हणाल, तर हा धडा ऐन पावसाळ्यात येतो. प्रोजेक्टर नाही, खर्चाची मर्यादा 1500 रुपये.

आता ए-फोर आकाराचं प्लास्टिकचं फ्रेनेल भिंग (गोल खाचा असलेलं पातळ, चपटं भिंग) उभं धरून त्याच्या नाभीवर एलईडी ठेवायचा विचार आहे, म्हणजे किरण समांतर निघतील. डिसेंबरला सेल मध्यरेषेपासून 10 सेंमी बाजूला येतो, म्हणजे भिंगाच्या कडेजवळचा उजेड लागतो. तिथे उजेड मध्यापेक्षा किती कमी पडतो, आणि त्यासाठी एकच चिप असलेला एलईडी घ्यावा की सीओबी (एकाच पट्टीवर अनेक चिप असलेला)?