निळ्या रेषेतल्या सोसायट्यांना जागेवरच पुनर्विकास द्यावा का?

मुठाकाठ:
25 जुलै 2024 ला पुण्यात मुठा नदीकाठी, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी, निंबजनगर भागात पाणी शिरलं, लष्कर बोलवावं लागलं. तेव्हापासून एक मागणी जोर धरते आहे: पूररेषेतल्या जुन्या इमारतींना वाढीव एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) द्या, चार-पाच सोसायट्या एकत्र करा आणि जागेवरच टॉवर उभे राहू द्या. माझा याला विरोध आहे.

निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. खडकवासला धरणाखाली मुठेची निळी रेषा 60 हजार क्युसेकवर (सेकंदाला इतके घनफूट पाणी) आखलेली आहे आणि लाल 1 लाखावर. त्या सकाळी धरणातून सुटलेलं पाणी होतं 35 हजारांच्या घरात. निळ्या रेषेच्या हिशेबापेक्षा कितीतरी कमी पाण्यात लोकांच्या दिवाणखान्यात गाळ आला. पात्रात पडलेला राडारोडा, भराव, धरणाखालच्या ओढ्यांचं पाणी, कारणं काहीही धरा, नदीला मिळणारी जागा कमी झाली आहे एवढं नक्की. अशा ठिकाणी आज चार मजल्यांत राहणारी माणसं उद्या बारा मजल्यांत राहायची, आणि याला आपण सुटका म्हणायचं! त्यापेक्षा त्यांना टीडीआर (जागा सोडल्याच्या बदल्यात दुसरीकडे बांधकाम करायचा हक्क) द्या, नदीपासून लांब घरं द्या आणि ती जागा मोकळी करा.

तिसरा मजला:
तुमचं घर कुठल्या टेकडीवर आहे ते आधी सांगा. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा मंजूर नकाशा होता, भोगवटा पत्र होतं, बँकेने कर्ज दिलं, रजिस्ट्रेशन झालं. आजतागायत कर भरतोय. रेषेबद्दल ना बिल्डर बोलला, ना मंजुरी देणारे. आता तोच फ्लॅट विकायला काढला तर गिऱ्हाईक पत्ता विचारतं आणि फोन ठेवतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

आणि टीडीआर म्हणजे कागद हो. त्याचं घर कधी आणि कुठे होणार? 1961 ला पानशेत फुटल्यावर पूरग्रस्तांना गोखलेनगर, सहकारनगरला जागा मिळाल्या. त्यांच्या मालकी हक्काची भांडणं पुढच्या पिढीने लढली. आमची आई ब्याऐंशी वर्षांची आहे.

ओव्हरसीअर:
दोन्ही बाजू नियम न वाचता बोलताहेत. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही भाग वगळता राज्यभर बांधकामाची एकत्रित नियमावली लागू आहे. त्यात नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे पार्किंग, बाग, ओटेबाजार, स्मशानभूमी, मैलाशुद्धीकरण केंद्र असल्याच गोष्टी चालतात. पण त्यालाच जोडून एक सवलत आहे: आधीपासूनच्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकास करता येतो, बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच हवं आणि जलसंपदा खात्याचं ना-हरकत हवं. म्हणजे परवानगी नाहीच असं नाही. बिल्डर येत नाही कारण तेवढ्याच एफएसआयमध्ये त्याला गणित बसत नाही. खरा वाद वाढीव एफएसआयचा आहे. पुराच्या नावाखाली तो पदरात पाडून घ्यायचा चाललाय, हे स्पष्ट बोला.

तिसरा मजला:
मग द्या ना वाढीव. शहरात मेट्रोच्या शेजारी देता, झोपडपट्टी पुनर्वसनाला देता. खाली नुसते खांब, वर घरं. पाणी खांबांमधून निघून जाईल.

मुठाकाठ:
खांबांमधून पाणी जाणं नकाशावर असतं. आमच्या मागच्या गल्लीतली एक इमारत बघा. नकाशात पूर्ण पार्किंग. आज तिथे सोसायटीचं ऑफिस, वीज मीटरची खोली, जिन्याखाली वॉचमनचं बिऱ्हाड, आणि दोन खांबांमध्ये पत्रे ठोकून कुणाचं तरी गोडाऊन. लिफ्टचा खड्डा तर जमिनीच्याही खाली. पाणी आलं की पहिल्यांदा लिफ्ट आणि वीज जाते. मग बाराव्या मजल्यावरच्या डायलिसिसच्या पेशंटला खाली कोण आणणार? वर राहणाऱ्यांचे पाय कोरडे राहतील, एवढंच खरं.

वाशिष्ठीवाला:
पुणेकरांनो, चिपळूणकडेही बघा. जुलै 2021 ला बाजारपेठेतल्या दुकानांच्या माळ्यापर्यंत पाणी होतं. त्यानंतर रेषा आखल्या, तर गावाचा केवढा तरी भाग रेषेत. बंदर होतं म्हणून गाव नदीला चिकटून वाढलं, आता ते उचलून डोंगरावर ठेवायचं का? आमचं म्हणणं होतं की आधी वाशिष्ठीतला गाळ काढा, मग रेषा आखा. एकच नियम पुण्याच्या सोसायटीला आणि आमच्या दोनशे वर्षांच्या पेठेला कसा लावणार?

मुठाकाठ:
पेठेचं मान्य. पण सिंहगड रस्त्यावरच्या इमारती काही बंदरामुळे उभ्या राहिल्या नाहीत. शेत होतं, भराव पडला, प्लॉट पडले.

तिसरा मजला:
भराव फक्त आम्हीच टाकला का? विठ्ठलवाडीजवळ पात्रातून रस्ता काढायला पालिकाच निघाली होती. 2013 ला हरित लवादाने तो निळ्या रेषेबाहेर न्या म्हणून सांगितलं. आता 44 किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प, त्यातही काठावर बंधारे आणि भराव. पात्रात सरकारने काँक्रीट ओतलं की विकास, आणि आम्ही गळकी इमारत पाडून बांधतो म्हटलं की पर्यावरण!

मुठाकाठ:
नदीकाठ प्रकल्पालाही माझा विरोधच आहे. त्यांनी जागा खाल्ली म्हणून आपणही खावी हा युक्तिवाद मला पटत नाही.

करवीरकर:
लांब नेऊन ठेवायच्या गोष्टी आम्ही बघितल्यात. आमच्या कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली, आंबेवाडीला 1989 च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या. गाव तिकडं पुरतं गेलंच नाही. जनावरं, शेती, ऊस सगळं इकडं. 2019 ला परत तीच माणसं छपरावर. घर देऊन माणूस हलत नाही, पोटापाण्याचं बघायला लागतंय. अर्थात फ्लॅटवाल्यांचं ऑफिस काय नदीत नाही, त्यांना हलता येईल असं मला वाटतं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं काय ते सांगा.

ओव्हरसीअर:
करवीरकरांचा मुद्दा कुणीच धरत नाही. भाडेकरू, इस्त्रीवाला, घरकामाच्या बायका यांचं नाव पुनर्विकासाच्या करारातही नसतं आणि टीडीआरच्या फायलीतही नसतं.

माझ्या मते मधला रस्ता असा. सध्या आहे तेवढंच क्षेत्र जागेवर बांधू द्यावं, एक चौरस फूटही वाढीव नाही. वाढीव जो काही द्यायचा तो फक्त टीडीआर म्हणून, रेषेबाहेर वापरायला. ज्याला जागा सोडायची आहे त्याला जास्त, ज्याला तिथेच राहायचं आहे त्याला कमी. आणि सोडलेला प्लॉट ताब्यात घेतल्याच्या दिवशी सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर नोंद, नाहीतर दोन वर्षांत तिथे लॉन्स आणि मंगल कार्यालय उभं राहतं.

तिसरा मजला:
वाढीव नाही तर बिल्डर नाही, हे तुम्हीच वर लिहिलंत. मग बांधकामाचा खर्च आमच्या खिशातून? निवृत्त माणसाने फ्लॅटमागे एवढी रक्कम कुठून आणायची?

ओव्हरसीअर:
काही तुमच्या खिशातून, काही सरकारच्या. ज्या खात्याने रेषेत भोगवटा दिला त्याने त्याची किंमत मोजावी, हे मी नोकरीत असतानाही फाइलवर लिहिलं होतं. सही कुणी केली नाही.

तिसरा मजला:
रविवारी आमच्या सोसायटीची विशेष सभा आहे, विकसक सादरीकरण करणार आहे. चाळीसपैकी एकतीस जण आधीच सही करून बसलेत. त्यांना हा टीडीआरचा हिशेब आकड्यांत मांडून दाखवणारं कुणी असेल तर खरंच या. नुसता विरोध घेऊन येणार असाल तर नका येऊ.