हवंसं वाटलं ते माझंच होतं का?

कादंबरी वाचताना, सिनेमा पाहताना स्वतःच्या खरेदीकडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागलं, असं कधी झालंय? मोकळेपणानं लिहा. सुरुवात मी करते.

जॉर्ज पेरेकची १९६५ची 'ले शोझ', म्हणजे 'वस्तू'. सुरुवातीला माणसं भेटतच नाहीत, नुसतं घर. तेही 'असं असेल, तसं असेल' या सुरात. मग कळतं, झेरोम आणि सिल्वी लोकांच्या आवडीनिवडींच्या पाहण्या करून पोट भरतात आणि स्वतः त्याच वस्तूंपायी झुरतात. मी उठून माझं पुस्तकांचं कपाट पाहिलं. येणाऱ्याच्या नजरेत भरतील अशी जाड पुस्तकं वर, वाचून मुडपलेली खाली. वरची फळी त्याच दिवशी रिकामी केली.

---

'फाइट क्लब', १९९९. नायकाच्या घरातल्या सामानावर कॅटलॉगमधली नावं नि किमती उमटतात, तो प्रसंग मला पाठ आहे. आणि सिनेमा संपल्यावर मी त्यातल्या, वस्तूंचा मोह सोडा म्हणणाऱ्या टायलरसारखं लाल चामडी जॅकेट शोधत हिंडलो. हे सांगायला आजही जड जातं.

---

फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' (१८५७). नायिका एमाचा जीव जडलेला तरुण लेआँ गाव सोडून जातो, आणि ती महिन्याभरात १४ फ्रँकची लिंबं आणते, नखं स्वच्छ करायला! मग निळ्या कश्मिरी कापडाचा झगा, लरो नावाच्या व्यापाऱ्याकडची सगळ्यात सुंदर ओढणी. तिथं मी पुस्तक मिटलं. बाबा गेल्यावर मी रात्री दोन-दोनला फोनवरून वह्या मागवायचे. जाड कागद, कापडी बांधणी. अकरा झाल्या. एकीतही ओळ नाही, काहींचं वेष्टणसुद्धा काढलेलं नाही. लरो उधारीवर देत राहतो, कर्जाच्या हुंड्यांवर सह्या घेत राहतो. माझ्याकडे त्यासाठी कार्ड होतं. एमाला उथळ म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. जे गेलं ते परत मागवता येत नव्हतं, म्हणून ती मागवता येईल ते मागवत राहिली.

---

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. 'वॉल-ई' सिनेमातला (२००८) यंत्रमानव माणसांनी मागे टाकलेल्या कचऱ्यात हिऱ्याची अंगठी सापडली तर अंगठी फेकतो आणि डबी ठेवतो, कारण तिचं झाकण उघडतं-मिटतं. कुणी न शिकवलेली आवड! माझ्याकडे आईची बटणांची डबी आहे. जुन्या कपड्यांची कापलेली बटणं, दोन सारखी क्वचितच. घर बदललं तेव्हा सामानाच्या गाडीत ती दिली नाही, मांडीवर घेऊन बसलो.