कामावरून काढलं तेव्हा तुमच्यासोबत काय झालं? नागपूरकरांनो, अनुभव सांगा

माझा भाचा हिंगणा एमआयडीसीत फिटर आहे, सहा वर्षं झाली. सोमवारी शिफ्ट सुटायच्या वेळी एचआरच्या केबिनमधे बोलावलं, राजीनामा टाइप करून तयारच होता, सही कर अन् हिशोब घेऊन जा म्हणे. पोरगा घरी विचारतो म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी वॉचमनने गेटवरच अडवलं. ना नोटीस, ना चार्जशीट. घरात कोणाला जेवण जाऊन नाही राहिलं. ज्यांनी हे भोगलं त्यांनी लिहा, कंपनीचं नाव नको, पण काय केलं अन् काय चुकलं ते सांगा.

*

भाऊ, पोराने सही केली नाही हे सगळ्यात चांगलं झालं. मी बुटीबोरीला सीएनसी ऑपरेटर. 2016 मधे नाइटला झोपला असा आरोप लावून सस्पेंड केलं. पहिले 90 दिवस निर्वाह भत्ता म्हणून अर्धा पगार, पुढे 75 टक्के, त्यातच घरभाडं अन् पोरीची फी. चौकशी कंपनीच्याच वकिलाने केली, सोबत सहकारी आणू दिला नाही, सुपरवायझरचा जबाब सगळा इंग्रजीत आणि खाली सही कर म्हणे. मी सही केली पण तिच्या वर मराठीत लिहिलं, ‘मला इंग्रजी समजत नाही, वाचून दाखवलं नाही’. पेन संपत आलेला, अक्षरं फिकी उमटत होती, तीनदा गिरवली. डिसमिसचं पत्र आल्यावर 90 दिवसांच्या आत लेबर कोर्टात यूएलपी, म्हणजे अनुचित कामगार प्रथेची तक्रार, टाकली आणि तिथे तीच ओळ कामी आली, चौकशी रद्द झाली. पण चौकशी रद्द म्हणजे केस जिंकली असं नसतं, कंपनीला तोच आरोप कोर्टात नव्याने सिद्ध करायची संधी मिळते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. उलटतपासणीत सुपरवायझरला त्या रात्रीची स्वतःची हजेरीच दाखवता आली नाही. चार वर्षांनी कामावर घेतलं, मागचा पगार निम्मा. तोवर बायकोने घर ओढलं, रोज सकाळी चाळीस डबे.

*

मी खाजगी अनुदानित शाळेत शिक्षिका. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांनंतर हजेरीपटात माझ्या नावावर लाल रेघ, उद्यापासून येऊ नका एवढंच तोंडी. मी तिथेच मोबाइलवर फोटो काढला, त्याच दिवशी ‘मी हजर झाले होते’ असं पत्र संस्थेला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. आम्हा शिक्षकांना लेबर कोर्ट नाही, खाजगी शाळांच्या 1977 च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरण, आणि अपिलाला फक्त 30 दिवस. संस्थेशी बोलून मिटेल म्हणून मी 22 दिवस घालवले होते. तसं करू नका.

*

माझं जमलं नाही, तेही लिहितो. मिहानमधे टीम लीड होतो, परफॉर्मन्सच्या नावाखाली मीटिंगमधे दोन तास बसवून ‘स्वेच्छेने सोडतो’ असा मेल माझ्याच हाताने लिहून घेतला. हातात सुपरवायझरी आणि पगार जास्त, म्हणून मी कायद्याने कामगारच ठरत नव्हतो, लेबर कोर्टाचा रस्ताच नव्हता. अपॉइंटमेंट लेटरमधला नोटीस पे तेवढा वकिलाची नोटीस गेल्यावर मिळाला. त्या मेलची रुखरुख अजून जात नाही.

*

युनियनचं काम करतो म्हणून थोडं सांगतो. काम कमी झालं म्हणून काढत असतील तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार. वर्षात 240 दिवस भरलेल्यालाही हे लागू. भाच्याची पाच वर्षं झालीत तर ग्रॅच्युइटी वेगळी, ती कोणी उपकार म्हणून देत नाही. आणि वेळ घालवू नका, 21 नोव्हेंबर 2025 पासून नवा कोड (औद्योगिक संबंध संहिता) आहे, दोन वर्षांहून जुना वाद समेट अधिकारी, म्हणजे कामगार-मालकाचा वाद मिटवणारा सरकारी अधिकारी, हातातच घेऊ शकत नाही. पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक, गेटपास, सगळ्याचे फोटो आजच काढून ठेवा.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून पत्र लिहिलं, ‘मी कामावर यायला तयार आहे, मला गेटवर अडवलं जातं’. सकाळी पोस्टात टाकलं, पावती भाच्याने मोबाइलच्या कव्हरमागे ठेवली आहे. उद्या पहिल्या शिफ्टला तो परत गेटवर जाणार, डबा घेऊनच.