सहकारी प्राध्यापकांनी चित्रपट निर्मितीसंस्था चालवावी का?

संहिता (धागाकर्ती)

विद्यापीठाच्या एकाच विभागात शिकवणाऱ्या तिघा-चौघांनी मिळून छोटी, स्वतंत्र चित्रपट निर्मितीसंस्था काढली की दोन आक्षेप ठरलेले असतात: शिकवण्याकडे दुर्लक्ष होईल आणि विद्यार्थी फुकट राबवले जातील. यांपैकी पहिला आक्षेप मला मुळीच पटत नाही. मावळतीचा प्रकाश झपाट्याने जात असताना सात शॉट्सचे दृश्य तीन शॉट्समध्ये बसवण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याने शिकवलेले दृश्यविभाजन निराळेच असते. ऑस्ट्रियन दिग्दर्शक मिखाएल हानेके व्हिएन्नाच्या फिल्म अकादमीत दिग्दर्शन शिकवत होते आणि त्याच काळात स्वतःचे चित्रपटही करत होते. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी तर मॉस्कोच्या चित्रपटशाळेत, कच्ची फिल्म मिळेनाशी झाली तेव्हा, विद्यार्थ्यांकडून फिल्मविनाच दृश्ये बसवून घेतली आणि पुढे १९२४ मध्ये आपल्या कार्यशाळेतल्या मंडळींना घेऊन पूर्ण लांबीचा चित्रपट केला. सुट्टीत, स्वतःच्या पैशाने आणि विद्यापीठाला रीतसर कळवून सहकाऱ्यांनी चित्रपट जरूर करावेत, असे माझे ठाम मत आहे. एकमेकांची अभिरुची आणि कामाची पद्धत आधीपासून ठाऊक असलेली माणसे अल्पखर्ची निर्मितीला सहजासहजी मिळत नाहीत.

बूमधारी

कुलेशोव्ह यांचा दाखला इथे लागू पडत नाही. ती कार्यशाळा शिक्षणाचाच भाग होती. अध्यापकांच्या खासगी कंपनीसाठी ती चाललेली नव्हती. शिवाय दुसरा आक्षेप आपण नुसता नोंदवून पुढे गेलात, आणि माझे म्हणणे नेमके त्याविषयीच आहे.

विद्यार्थी असताना मी अशा एका चित्रीकरणावर ध्वनिविभागात होतो. रात्रीच्या प्रसंगांत बूम, म्हणजे लांब दांड्याला लावलेला माइक, डोक्यावर तोलून धरताना खांदे भरून येत, आणि टेक संपला तरी रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज, घेण्यासाठी पुन्हा सगळ्यांनी निःशब्द उभे राहायचे असे. कष्टांबद्दल माझी तक्रार नाही, त्यातून मी काम शिकलो. परंतु मानधनाचा विषय आमच्यापैकी कोणीही काढला नाही, कारण निर्मात्या बाईंकडेच आमचे प्रबंध तपासण्यासाठी जायचे होते. ‘जमत नसेल तर येऊ नका’, असे त्या मनापासून सांगत असत. तरीही एकानेही चित्रीकरण चुकवले नाही. गुण देणारी व्यक्तीच निर्माती असेल, तर विद्यार्थ्याच्या होकाराला संमती कसे म्हणायचे?

ताळेबंद

दोघांचेही लक्ष विद्यार्थ्यांकडे आहे. मला सहकाऱ्यांची काळजी अधिक वाटते. विभागप्रमुख कंपनीत भागीदार असेल आणि दुसऱ्या भागीदाराच्या पदोन्नतीचा अहवाल त्यानेच लिहायचा असेल, तर विभागातल्या इतरांनी त्या अहवालावर विश्वास का ठेवावा?

कागदपत्रांची कथा तर याहून वाईट असते. मैत्रीच्या भरात पटकथा एकाची, कॅमेरा विभागाचा, संकलन तिसऱ्याच्या घरी, असे करत चित्रपट पूर्ण होतो. मग वितरक चेन ऑफ टायटल मागतो, म्हणजे पटकथेपासून संगीतापर्यंत प्रत्येक हक्क लेखी स्वरूपात कंपनीकडे आला आहे याचा पुरावा. एरर्स अँड ओमिशन्स विमा, म्हणजे हक्कभंगासारख्या दाव्यांपासून संरक्षण देणारा विमा, काढतानाही तोच लागतो. विभागाचा कॅमेरा आणि संकलनकक्ष परवानगीविना वापरलेला असेल, तर विद्यापीठही हक्क सांगू शकते, आणि नोकरीच्या करारात तसे कलम असेल तर वाद आणखी चिघळतो. पटकथेच्या पहिल्या खर्ड्याआधी भागीदारीचा करार झाला पाहिजे, आणि एखादा भागीदार दुसऱ्या विद्यापीठात गेला तर त्याच्या हिश्श्याचे काय, हेही त्यात असले पाहिजे.

संहिता

ताळेबंद यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. भागीदाराच्या मूल्यमापनातून भागीदाराने लेखी बाजूला व्हावे, एवढी भर मी त्यात घालेन. बूमधारी यांच्या अनुभवावरून मात्र कंपनीच नको, असा निष्कर्ष निघत नाही. ज्यांचे गुण आपल्या हातात आहेत त्यांना चित्रीकरणावर घेऊ नये. पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांना बाजारभावाने मानधन आणि श्रेयनामावलीत कामाप्रमाणे स्थान द्यावे. अल्पखर्ची चित्रपटात पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. मानधन परवडत नसेल तर चित्रीकरणाचे दिवस कमी करावेत, पात्रे कमी करावीत, पटकथा पुन्हा लिहावी.

बूमधारी

मानधनाबाबत आपण घेतलेली भूमिका मला मनापासून आवडली. तरीही पदवीनंतर अवलंबित्व संपते, हे मला मान्य नाही. पुढच्या प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी लागणारे शिफारसपत्र त्याच प्राध्यापकांकडून घ्यायचे असते, आणि या क्षेत्रात पहिली दोन-तीन कामे ओळखीवरच मिळतात. म्हणून माझी मागणी अशी आहे की चित्रीकरणावर किमान एक निर्मिती-व्यवस्थापक विभागाबाहेरचा असावा. कामाचे तास, मानधन आणि तक्रारी त्याच्याकडे असाव्यात, आणि तो कोणाही प्राध्यापकाला विचारल्याशिवाय त्या दिवसाचे चित्रीकरण थांबवू शकेल, असे त्याच्या करारात लिहिलेले असावे. दिग्दर्शक असलेल्या आपल्या सहकाऱ्यांना हे कलम मान्य होईल का?