‘औषधलेपित स्टेंट’ म्हणावे का?

प्रश्न: बाबांची अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली धमनी फुग्याने रुंद करून आत जाळी (स्टेंट) बसवली. कागदावर ‘ड्रग इल्यूटिंग स्टेंट’ लिहिले आहे. घरच्यांसाठी मी त्याचे ‘औषधलेपित जाळी’ केले, तर आईला वाटले की जाळी गंजू नये म्हणून औषध लावले आहे. याहून नेमका शब्द आहे का?

उत्तर: आईंचा समज शब्दानेच करून दिला. मूर्तीला वज्रलेप देतात तो मूर्ती टिकावी म्हणून. इथला लेप उलट संपण्यासाठीच असतो. नुसती धातूची जाळी बसवली, तर धमनीच्या भिंतीला झालेली इजा भरून येताना पेशी वाजवीपेक्षा जास्त वाढतात आणि वाट पुन्हा अरुंद होते. ती वाढ रोखणारे सिरोलिमससारखे औषध जाळीतून हळूहळू, काही आठवडे ते महिने सुटत राहते. (सिरोलिमस मुळात रापा नुई बेटावरच्या मातीतल्या जिवाणूत सापडले, म्हणून त्याचे दुसरे नाव रापामायसिन.) असा स्टेंट माणसाला पहिल्यांदा बसवला तो 1999 मध्ये, ब्राझीलच्या साओ पावलो शहरात.

मी ‘औषध पाझरणारा स्टेंट’ म्हणेन. माठ पाझरतो, पाणी जमिनीत झिरपते. तसेच औषध जाळीतून पाझरते आणि भिंतीत झिरपते. दोन्ही क्रियापदे आपल्याकडे तयार आहेत. ‘औषधस्रावी’ नको, स्राव म्हटले की ग्रंथी किंवा जखम आठवते.

आणखी एक उत्तर: ‘पाझरणारा’ला माझेही मत. आपला पाझर तलावही पाणी हळूहळू सोडण्यासाठीच बांधतात. शिवाय ‘औषधलेपित’ची गरज दुसरीकडे आहे. कधी धमनीत औषध लावलेला फुगा मिनिटभर फुगवून बाहेर काढतात, मागे जाळी ठेवत नाहीत. तो खरा औषधलेपित. बोलताना लोक ‘स्प्रिंग बसवली’ म्हणतात, पण हृदयातला आजचा स्टेंट स्प्रिंगसारखा उसळत नाही. फुगा त्याला पसरवतो आणि तो तसाच राहतो. ‘जाळी’ बरोबर आहे. ‘स्टेंट’ही राहू द्या, ते चार्ल्स स्टेंट या लंडनच्या दंतवैद्याचे आडनाव आहे.

प्रश्नकर्ता: आईला माठ लगेच पटला. तिने विचारले, “पाझर संपला की गोळ्या बंद?”

उत्तर: नाही, हे आजच सांगा. गोळ्या जाळीवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असतात. पेशींची वाढ रोखणारे औषध धातूवर नवे अस्तर चढायलाही वेळ लावते, म्हणून त्या लागतात. हृदयविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका.